तुमी कोनाचे? खारपाणपट्ट्यातल्या एका विद्यार्थी संशोधन गटाच्या ओळखीचं प्रकरण

अकरा नंबरच्या बाटलीतलं पाणी आम्ही तीनदा मोजलं. आजूबाजूच्या विहिरींची विद्युतवाहकता (पाण्यात क्षार जितके जास्त तितकी ती जास्त) चार आकडी येत होती आणि या एकाच विहिरीची शंभराच्याही आत. मीटर बिघडलं असेल म्हणून ते पोटॅशियम क्लोराइडच्या प्रमाण द्रावणात बुडवून पाहिलं. २५ अंश सेल्सिअसला १४१३ मायक्रोसिमेन्स यायला हवेत, तेवढेच आले. बाटलीवरची चिठ्ठी बरोबर, वहीतली नोंद बरोबर, वेळही बरोबर. पूर्णेच्या काठी, खारपाणपट्ट्याच्या ऐन मध्यात, एवढं गोड पाणी निघालं कुठून? दोन दिवस मुलं तर्क लढवत बसली. कोणी म्हणे जुना पुरलेला नाला असेल, कोणी म्हणे वाळूचा थर असेल.

तिसऱ्या दिवशी त्या घरी जाऊन विचारलं. वहिनी पदर सावरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "विहिरीचं कोन देते जी? तुमी पाहुने. पाहुन्याले खारं पानी कसं देऊ? आरओच्या कॅनमधलं भरून देल्लं."

वहिनींनी केलं ते इथल्या रीतीला धरूनच केलं. मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दारी आलेल्या माणसाला गोडं पाणी द्यायचं, हे या पट्ट्यात लेकरालाही कळतं. ही पोरं कोण आहेत आणि हातात रिकामी बाटली घेऊन दारात कशाला उभी आहेत, हे मात्र त्यांना कोणी धड सांगितलं नव्हतं. ते सांगायचं काम माझं होतं. मी रसायनशास्त्राचा शिक्षक, या गटाचा मार्गदर्शक. गटाची ओळख मीच करून दिली होती, चांगला माईक लावून, आणि ती फसली होती. ती कशी फसली आणि पुढे कशी सुधारली, ते इथे सविस्तर लिहितो आहे. प्रकल्पाच्या अहवालात या गोष्टीला जागा मिळाली नाही. मला मात्र त्या प्रकल्पात तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आधी जागेबद्दल. खारपाणपट्टा म्हणजे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेला गाळाचा प्रदेश. वर काळी, जड, भेगाळणारी जमीन आणि खाली खारं पाणी. विहीर खोदता येते, पाणीही लागतं, पण त्या पाण्यावर ओलीत करायला गेलं तर जमीन चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, होते. म्हणून इथला शेतकरी डोळ्यासमोर पाणी असून कोरडवाहू. कापूस, तूर, मूग, सोयाबीन, आणि पावसाळ्यानंतर जमिनीत उरलेल्या ओलीवर हरभरा. घरात या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. प्यायचं पाणी प्रादेशिक योजनेच्या नळाला येतं (अकोट-तेल्हाऱ्याकडे ८४ खेडी योजना सगळ्यांच्या तोंडी असते), आणि नळ आला नाही की वीस लिटरची कॅन. विहिरीचं पाणी मग धुणीभांडी, गुरंढोरं आणि अंगण शिंपडायला. पण नळ चार-चार, आठ-आठ दिवस लांबला की तेच पाणी पोटातही जातं, आणि ही गोष्ट सहजासहजी कोणी बोलून दाखवत नाही.

आमचा प्रश्न साधा होता. गावातल्या तीस ठिकाणच्या विहिरी, बोअर आणि हातपंप पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासायचे. क्षार किती, क्लोराइड किती, कठीणपणा किती, नायट्रेट किती, शौचाचा संसर्ग आहे की नाही. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचे. क्लोराइडला हेच आकडे २५० आणि १०००. नायट्रेटला ४५, आणि तिथे सवलत नाही.

गट सहा जणांचा. तीन जण रसायन आणि पर्यावरणाचे, एक सूक्ष्मजीवशास्त्राचा, एक संख्याशास्त्राचा आणि एक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. तो नापिकीच्या घरातला, आणि विहिरीत बादली सोडायचं कसब फक्त त्याच्याकडे.

पहिला कार्यक्रम संध्याकाळी, मारुतीच्या पारासमोर झाला. सतरंज्या, माईक, शाल-श्रीफळ. प्रास्ताविक माझं, पंचवीस मिनिटांचं. त्यानंतर एकेक विद्यार्थी पुढे आला. सगळ्यांच्या अंगावर पांढरे एप्रन, कारण फोटो चांगला यायला हवा होता. "माझं नाव अमुक अमुक, एम.एस्सी. द्वितीय वर्ष, विश्लेषणात्मक रसायनशास्त्र, माझ्या अभ्यासाचा विषय भूजलातील आयनांचे परिमाणात्मक विश्लेषण." गावात आलेले पाचही जण एकाच ठशात बोलले. टाळ्या झाल्या. मागे खांबाला टेकून बसलेल्या एका म्हाताऱ्याने तेवढ्यात विचारलं, "हे सारं ठीक हाय. पन तुमी कोनाचे?"

मी विद्यापीठाचं नाव सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि तोंड फिरवून तंबाखू मळायला घेतली. माझ्या उत्तराने त्यांचं समाधान झालं नाही, एवढं मला तेव्हाच कळलं. का झालं नाही ते कळायला आठवडा लागला.

आमच्याकडे 'तुमी कोनाचे' या प्रश्नात बरंच काही असतं. कोणत्या गावचे, कोणाच्या घरचे, कोणत्या जातीचे. आणि त्याहून मोठं म्हणजे, तुम्हाला पाठवलं कोणी, आणि उद्या काही उलटसुलट झालं तर धरायचं कोणाला. गावात सर्व्हे करणारे येतच असतात. पूर्णेच्या खोऱ्यातली शेकडो गावं 'पोकरा' या सरकारी शेती प्रकल्पात होती, तेव्हा शेतात मोजमाप करणारी माणसं आली. नळयोजनेचे आले, विम्याचे आले, निवडणुकीआधीचे तर वेगळेच. माणसं येतात, वही काढतात, नाव-गाव-सात-बारा विचारतात आणि जातात. त्या वहीचं पुढे काय झालं हे गावाला कळत नाही. म्हणून गाव आधी माणूस तपासतं, मग उत्तर देतं. आम्ही पदव्या सांगितल्या. गावाला हवी होती जबाबदारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं घरोघर निघाली आणि पदव्यांचा परिणाम दिसायला लागला. एका घरी विचारलं, "पोकराचे हाय का?" दुसऱ्या घरी विहिरीवर झाकण घालून ठेवलं होतं. पाणी खराब निघालं तर विहीर बुजवायला लावतील, ही भीती. तिसऱ्या घरी बाटली आत नेली आणि भरून आणून दिली, तीच ती अकरा नंबरची. सगळ्यात वाईट झालं ते एप्रनमुळे. एका बाईंनी प्लास्टिकच्या पिशवीतून नवऱ्याची फाइल काढून मीटरवाल्या मुलापुढे धरली. त्यात रक्ततपासणीचा कागद. मुलगा चांगला, मनाचा मऊ, पण बावीस वर्षांचा. त्याने कागद पाहिला आणि "क्रिएटिनिन वाढलंय" असं बोलून गेला. कागदावर शेजारीच सामान्य मर्यादा छापलेली असते, त्यामुळे वाचायला कोणालाही वाचता आलं असतं. पण ते पांढऱ्या एप्रनमधून बोललं गेलं. दुपारपर्यंत गावभर झालं की कॉलेजचे डॉक्टर आले आहेत आणि या पाण्याने किडनी जाते असं त्यांनी सांगितलं.

किडनीच्या आजाराची धास्ती या पट्ट्यात खरी आहे. घराघरात कोणी ना कोणी त्यातून गेलेलं आहे. म्हणूनच त्या एका वाक्याचं वजन त्या पोराला पेलणारं नव्हतं. पाण्यातले क्षार आणि एका माणसाचं मूत्रपिंड यांच्यामध्ये मधुमेह, रक्तदाब, औषधं, उन्हातलं काम, कमी पाणी पिणं अशी कितीतरी दारं असतात. ती उघडून पाहायची आमची ना तयारी होती, ना अधिकार.

त्या रात्री कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्ही सातही जण बसलो. मुलं नमुने पुन्हा घ्यायचं बोलत होती. मी म्हटलं, नमुने घेऊच, पण आधी ओळख पुन्हा करू. एकाने विचारलं, "सर, एकदा झाली ना?" मग मी त्यांना गाडगेबाबांचं उदाहरण दिलं. आपल्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते बाबा गावात शिरले की हातातल्या खराट्याने आधी रस्ता झाडायला घेत. कीर्तन रात्री. दिवसभर गाव पाहत असे की हा फाटक्या गोधडीचा माणूस कोण. वलगावजवळ १९५६ च्या २० डिसेंबरला त्यांनी देह ठेवला, पण त्यांचं नाव गावांना आधी खराट्यामुळे कळलं, मग बाकीचं. हे मी मुलांना उपदेश म्हणून सांगितलं नाही. मला स्वतःलाच तेव्हा ते नव्याने उमगत होतं.

ठरलं ते असं. एप्रन घरी. माईक नाही. प्रत्येकाने स्वतःचं पहिलं नाव, गाव आणि या कामातलं आपलं एक काम सांगायचं, तेही बोलून नव्हे, करून दाखवून. आणि सगळ्यात आधी, आम्ही काय करणार नाही ते सांगायचं.

आठवड्याने पुन्हा त्याच पारावर गेलो. या वेळी सतरंजीवर आम्ही बसलो आणि बोलायला सुरुवात बी.एस्सी.वाल्या पोराने केली. "माहं गाव दर्यापूरकडं. आमच्या घरी बी खारीच विहीर हाय. मी फक्त पानी काढतो. बादली आमची, दोर आमचा. तुमच्या विहिरीले तुमचीच परवानगी लागन." मग त्याने सांगितलं की आम्ही डॉक्टर नाही, कोणाचा रिपोर्ट वाचणार नाही, विहीर बंद करायचा आम्हाला अधिकार नाही, आणि कोणत्याही योजनेची यादी आमच्याकडे नाही. आजाराचं विचारायचं तर प्राथमिक आरोग्य केंद्र. हे एका दमात, शांतपणे. मी जे पंचवीस मिनिटांत सांगू शकलो नव्हतो ते त्याने तीन मिनिटांत सांगितलं. मग तो मीटरवाला मुलगा उठला आणि त्या बाईंकडे पाहून म्हणाला, "काकू, मी त्या दिवशी बोललो ते चुकलं. मला ते कळत नाही." त्याला असं बोल म्हणून कोणी सांगितलं नव्हतं.

यानंतर जे झालं ते मी अजून डोळ्यासमोर आणू शकतो. एम.एस्सी.च्या मुलीने पाराच्या कठड्यावर दोन काचेचे पेले ठेवले. एकात कॅनचं पाणी, दुसऱ्यात समोरच्या विहिरीचं. दोन्ही पाणी दिसायला सारखं, नितळ. मग तिने ड्रॉपरने सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले. कॅनच्या पेल्यात जेमतेम धूसर झाल्यासारखं वाटलं. विहिरीच्या पेल्यात थेंब पडला तिथूनच पांढरे धागे निघाले, खाली उतरले, आणि बघता बघता पेला दुधासारखा झाला. तिने पेला हलवला तसं ते दह्यासारखं फुटून तळाला बसायला लागलं. पारावर एकदम गलका झाला. पोरं पुढे घुसली. "हे मीठ हाय," ती म्हणाली, "तुमच्या पाण्यातल्या मिठातलं क्लोराइड. चांदीशी जुळलं की असं पांढरं होतं. मी हेच मोजते. किती थेंब टाकल्यावर रंग बदलतो त्यावरून मीठ किती ते कळतं." तिने बोटं दाखवली. सिल्व्हर नायट्रेट कातडीला लागलं की उजेडात काळे-तपकिरी डाग पडतात, ते आठवडाभर निघत नाहीत. एका आजींनी तिचा हात हातात घेऊन विचारलं, "मेंदी बिघडली काय वं?" ती हसली आणि म्हणाली, "हाव आजी, पाण्याची मेंदी."

त्या दिवसापासून ती गावात दूधवाली. तिचं खरं नाव पारावर चार वेळा सांगितलं गेलं होतं, एकालाही राहिलं नाही. गावाने नाव ठेवलं ते कामावरून. बादलीवाला, मीटरवाला, दूधवाली, वहीवाली, काळ्या शिशीवाला. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलाकडे हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या छोट्या शिश्या असत. त्यांत पाणी भरून एक-दोन दिवस ठेवलं आणि आतलं काळं पडलं तर विष्ठेच्या संसर्गाची शंका. त्याने शिश्या ग्रामपंचायतीच्या खिडकीत गावासमोरच ठेवल्या होत्या, म्हणून हे नाव. मुलांना आधी थोडं लागलं. दोन वर्षं घासून मिळवलेली पदवी आणि नाव काय, तर दूधवाली. पण मला वाटतं की गटाची याहून नेमकी ओळख कोणत्याही फलकावर झाली नसती. गावाला प्रत्येकाचं काम वेगळं कळलं होतं. चुकलं तर कोणाला विचारायचं हेही कळलं होतं.

वहीवालीबद्दल मात्र थांबून लिहायला हवं.

नमुना घेण्याची जबाबदारी तिची. प्रत्येक घरी बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, मग भरायची, जागेवर चिठ्ठी लावायची, वेळ आणि ठिकाण वहीत. अकरा नंबरच्या प्रकारानंतर बाटली घरात द्यायचीच नाही, असा नियम तिनेच केला होता. नोव्हेंबरच्या फेरीत एका घरी आजींनी तिला बसवलं, गूळ-पाणी दिलं आणि विचारलं, "आडनाव काय वं बाई तुहं?"

आम्ही ठरवून आडनावं सांगत नव्हतो. आमच्याकडे आडनाव म्हणजे सरळ जातीचं दार. चवदार तळ्यावर १९२७ मध्ये जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे, पण खेड्यातली विहीर अजूनही कुठल्या वस्तीची ते विचारून ओळखली जाते. पहिलं नाव आणि गाव सांगितलं की काम सुरू होतं, असा माझा हिशोब. पण कोणी थेट विचारलं तर काय करायचं, हे मी ठरवलं नव्हतं. ते तिने ठरवलं. तिने आडनाव सांगितलं, सरळ, जसं हजेरीत सांगतात तसं.

आजी काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने सुनेला हाक मारली, सुनेने विहिरीचं पाणी काढलं आणि हात उंच धरून वरूनच बाटलीत ओतलं. बाटली विसळलीच गेली नाही. वहीवालीने बाटली घेतली, झाकण लावलं, आभार मानले आणि बाहेर येऊन वहीत लिहिलं. ती ओळ मी नंतर वाचली. "नमुना २३. पाणी वरून ओतले. बाटली विसळता आली नाही. नमुना रद्द." एवढंच. कारणाच्या रकान्यात रेघ.

मी अस्वस्थ झालो. मी म्हटलं, पुढच्या वेळी त्या घरी बादलीवाल्याला पाठवू, तुला त्रास नको. माझ्या मते मी तिची काळजी घेत होतो. ती म्हणाली, "सर, मग पारावर ओळख कोणाची करून दिली? नमुने मी घेते असं सांगितलं ना? आता दुसरा गेला तर त्यांना कळेल की मी तिथे चालत नाही, आणि मलाही कळेल." मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला लाज वाटली. गटाची ओळख करून देताना मी कामं वाटून दिली होती, पण अडचण आली की त्या कामावरून तिलाच बाजूला करायला निघालो होतो.

दोन दिवसांनी ती पुन्हा गेली, एकटी, वही आणि नवी बाटली घेऊन. अंगणात उभी राहून सुनेला म्हणाली, "वहिनी, त्या दिवशीचं पाणी मला फेकावं लागलं. बाटली तीनदा विसळावी लागते, नाहीतर माझा आकडा खोटा येतो. तुम्ही विसळाल का? मी सांगते तसं." सुनेने एकदा आजींकडे पाहिलं. आजी सूप घेऊन तूर पाखडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. सुनेने बाटली तिच्या हातातून घेतली. एकदा विसळली, पाणी तुळशीला टाकलं. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. मग भरली आणि हातात दिली. वहीत नोंद आहे, "नमुना २३, पुन्हा घेतला. योग्य." हे तिने मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता. तिला नमुना मिळाल्याचं समाधान होतं. बाकीचं तिने माझ्यावर सोडलं, आणि मी ते इथे लिहितो आहे. आजींचं मन बदललं की नाही, ते मी लिहू शकत नाही.

संख्याशास्त्राच्या मुलाचं वेगळंच झालं. तो गावात कधी आलाच नव्हता. आकडे त्याच्याकडे अमरावतीला जायचे, तो तक्ते करायचा, शंका काढायचा. अकरा नंबरची बाटली जुळत नाही, हे पहिल्यांदा त्यालाच दिसलं होतं. पण गावाच्या लेखी तो नव्हताच. निकाल सांगायला आम्ही सगळे गेलो तेव्हा मागून आवाज आला, "हा कोन नवा?" बादलीवाला म्हणाला, "यानंच पकडलं ना काका, तुमच्या घरचं आरओचं पानी." सगळे हसले, वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या, आणि त्या मुलाची ओळख एका वाक्यात झाली. त्याला गावाने नाव ठेवलं, पकडनारा.

आता फलकाचं. राज्यातल्या विद्यापीठांची 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा २००६ पासून भरते आणि तिच्यासाठी मुलांनी भित्तिपत्रक केलं. नेहमीचा साचा ठरलेला असतो. वर मार्गदर्शक, खाली विद्यार्थी, पदवी, फोटो. मुलांनी साचा बदलू का असं विचारलं. संशोधन-नियतकालिकांत अलीकडे 'क्रेडिट' नावाची भूमिकांची यादी वापरतात. त्यात कल्पना, पद्धत, प्रत्यक्ष काम, आकडेवारी, लेखन, देखरेख अशा १४ भूमिका आहेत आणि कोणी काय केलं ते तिथे नावासमोर येतं. मुलांनी त्याच धर्तीवर नावांच्या पुढे पदवीऐवजी काम लिहिलं. माझ्या नावापुढे 'देखरेख' आलं, आणि यादीत मी शेवटी गेलो. मला ते योग्य वाटलं. बादलीवाल्याचं नाव पहिल्या तिनांत आलं. परीक्षकांपैकी एकांनी विचारलं की पदवीच्या मुलाचं नाव पदव्युत्तर मुलांच्या वर कसं. वहीवालीने उत्तर दिलं, "सर, दोर याचा होता." त्यांनी पुढचा प्रश्न नायट्रेटचा विचारला.

वहिनींचं नाव पत्रकावर यावं की नाही, यावर आमच्यात बरीच चर्चा झाली. पाणी देणाऱ्या माणसांची नावं न छापणं हे बरोबर, कारण त्यांच्या विहिरीचा आकडा म्हणजे त्यांच्या घरची गोष्ट. पण मग तीस घरांनी दिलेला वेळ कुठेच दिसत नाही. शेवटी मुलांनी तीस चिठ्ठ्या केल्या, घरोघर ज्याचा आकडा त्याच्या हातात दिला आणि समजावून सांगितला. वाचून दाखवायला प्रत्येक जण आपापल्या चाचणीपुरता उभा राहायचा. क्लोराइडचा आकडा दूधवाली सांगायची, काळ्या शिशीचं शिशीवाला. दुसऱ्याच्या आकड्यावर कोणी बोलायचं नाही. आरोग्याचा प्रश्न आला की सहाही जण एकच वाक्य बोलायचे, "ते आमचं काम नाही, काकू, त्यासाठी दवाखाना." हे वाक्य पाठ व्हायला एक अख्खं वर्ष गेलं होतं.

पुढच्या मे महिन्यात नवी तुकडी आली. जुन्यांपैकी दूधवाली आणि वहीवाली त्यांना गाव दाखवायला सोबत होत्या. मी पारावर नव्या मुलांची ओळख करून द्यायला उभा राहिलो आणि पहिल्या वाक्यालाच वहिनींनी मला थांबवलं. सर, तुमी बसा, म्हणाल्या. मग नव्या पोरांकडे वळून त्यांनी एकेकीकडे बोट दाखवत सांगायला घेतलं, "हे दूधवाली, पानी फाडून दाखवते. हे वहीवाली, हिच्यासमोर बाटली तीनदा इसळा लागते, नाई त फेकून देते. अन् तुमाले कोनं आरओचं पानी देल्लं त घेऊ नोका. यायले विहिरीचंच लागते." ते ऐकून एक नवा मुलगा वही उघडून लिहायला लागला.